लॉगिनची लिंक मेलवर येत नाही? शेवटची स्पेस बघा

रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी केलेल्या ॲपवर तक्रार एकच: "लिंक मागवली, आलीच नाही." सर्व्हरचं उत्तर मात्र दर वेळी २००, म्हणजे "सगळं ठीक"! खातं असो-नसो, बऱ्याच ठिकाणी मुद्दाम सारखंच उत्तर देतात, म्हणजे कुणाचं खातं आहे ते परक्याला कळत नाही. घोळ निघाला मोबाइलच्या कीबोर्डचा. पत्ता सुचवताना त्याने मागे एक स्पेस चिकटवली होती, त्यामुळे तो खात्यातल्या पत्त्याशी जुळतच नव्हता.

१. सर्व्हरला पोस्ट रिक्वेस्ट (लिंकची मागणी) पाठवण्याआधी ईमेल ट्रिम करा, म्हणजे मागच्यापुढच्या स्पेस काढून टाका.
२. मग लिंक मागवायचं बटण ६० सेकंद बंद ठेवा. रेंज नसली की माणूस चारदा दाबतो, आणि नवी लिंक निघाली की जुनी बहुधा बाद होते.

लिंकमधलं टोकन (माणूस ओळखायचा गुप्त कोड) लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदींमध्ये, छापू नका. तात्पुरता का होईना, तो पासवर्डच.