१५ हजारांत बेस गिटार: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

परवा सांगलीहून ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. बारावी झालीय, बेस गिटार शिकायचीय, घरून १५,००० रुपये मिळणार आहेत. "ताई, कुठलं मॉडेल घेऊ?" मी म्हटलं, मॉडेल शेवटी ठरव, आधी पैसे वाटून ठेव. निम्मे वाद्याला, निम्मे ते वाद्य नीट लावून घ्यायला आणि तुझ्या कानांपर्यंत नीट पोचवायला. बाकीचं फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बेस पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ३४ वर्षांची होते. आता आमचा आठ जणांचा हौशी वाद्यवृंद आहे. गणपतीत, कोजागरीला, कुणाच्या साठीच्या कार्यक्रमात आम्ही वाजवतो. सुरुवातीला मी ऑनलाइन एक 'पूर्ण संच' मागवला होता: बेस, छोटा अॅम्प, पट्टा, केबल, सगळं ११,००० मध्ये. मान वाकलेली निघाली आणि अॅम्पचा स्पीकर सगळ्यात जाड ई तारेवर नुसता फडफडायचा. चार महिने मला वाटत होतं की माझीच बोटं कमी पडतायत. त्या चार महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून पहिली विनंती हीच, की स्वस्तातला संच घेऊ नका. त्यातल्या प्रत्येक वस्तूत थोडी थोडी काटकसर केलेली असते.

तो संच ५,००० ला गेला. त्यानंतर जे घेतलं त्याचा २०२१ मधला माझ्या वहीतला हिशेब असा: जुना, वापरलेला चार तारांचा बेस ७,५००, तारांचा नवा संच १,७००, कारागिराची मजुरी ६००, पट्टा ४००, केबल ६५०, चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर ४०० आणि हेडफोन अॅम्प ३,५००. एकूण १४,७५०. आज भाव थोडे वर गेले असतील, पण वाटणी मी आजही अशीच करीन.

वाद्य निवडताना दोनच घराणी लक्षात ठेवली तरी चालतं. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि जॅझ बेस १९६० मध्ये. आज बाजारात दिसणारे बहुतेक स्वस्त बेस या दोघांपैकी कुणावर तरी बेतलेले असतात. प्रिसिजन पद्धतीत दोन तुकड्यांत कापलेला एकच पिकअप (तारेची कंपनं टिपणारं चुंबक) असतो, मान थोडी रुंद, आवाज भरदार. जॅझ पद्धतीत दोन पिकअप आणि नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे, मान ३८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे लहान हाताला सोयीची. माझा हात लहान आहे, म्हणून मी जॅझ पद्धतीचा घेतला. नवंच हवं असेल आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर आयबानेझ, यामाहा, स्क्वायर आणि कोर्ट यांच्या सुरुवातीच्या मॉडेल्सपैकी जे तुमच्या हातात बसेल ते घ्या. मुंबईला जाणं होत असेल तर धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये तासभर उभं राहून पाच-सहा बेस गळ्यात अडकवून बघा. विकत तिथूनच घेतला पाहिजे असं नाही, पण वजन आणि मान हाताला कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाच तारांचा घेऊ नका. बॅटरीवर चालणारा, म्हणजे अॅक्टिव्ह, पहिला म्हणून टाळा. घेतलाच तर वाजवून झालं की केबल काढून ठेवा, कारण केबल आत असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी संपत राहते.

हात फारच लहान असेल, किंवा मूल दहा-अकरा वर्षांचं असेल, तर आखूड मानेचा बेस मिळतो. नेहमीच्या बेसची तार नटपासून धडावरच्या घोडीपर्यंत ३४ इंच असते, आखूड मानेची ३० इंच किंवा त्याहूनही कमी. पण त्याआधी एक करून बघा. ३४ इंची बेसवर पहिल्या दोन फ्रेटमधलं (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर साधारण साडेचार सेंटिमीटर असतं आणि तिथेच नवशिक्याचा हात आखडतो. पाचव्या फ्रेटच्या पुढे तेच अंतर साध्या गिटारच्या पहिल्या फ्रेटइतकं होतं. पहिले दोन महिने पाचव्या फ्रेटपासून पुढेच वाजवा. हात सैल झाला की मग मागे सरका.

जुना बेस बघायला गेलात तर अॅम्प लावायच्या आधी वाद्य डोळ्यांसमोर बंदुकीसारखं धरा आणि मानेच्या कडेवरून नजर टाका. किंचित कमान असणं ठीक, पण मान पिळलेली असेल तर तिथूनच परत या. पिळलेल्या मानेवर स्वस्तातला इलाज नाही. मग चारही तारांवर, प्रत्येक फ्रेटवर, एकेक स्वर वाजवा. वीस फ्रेट असतील तर ऐंशी स्वर होतात आणि पाच मिनिटं लागतात. विकणारा कंटाळला तरी वाजवा. बटणं फिरवताना खरखर आली किंवा जॅक सैल असला तर घाबरायचं कारण नाही. तो दोन-तीनशे रुपयांचा सोल्डरिंगचा किंवा क्लीनरचा प्रश्न आहे, तेवढे पैसे भावातून कमी करून मागा. मानेचा बाक कमी-जास्त करणारी मानेतली सळई फिरते का, हे मात्र समोर बघा. ती जाम असली तर तो बेस सोडा.

आता मजुरीच्या त्या ६०० रुपयांबद्दल, कारण अख्ख्या हिशेबात सगळ्यात जास्त उपयोगी पडले ते हेच पैसे.

मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बेस दुरुस्त करणारा आमच्याकडे कुणी नव्हता, म्हणून मी माझा बेस सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्क कारागिराकडे घेऊन गेले. माझी तक्रार होती की ए तार आठव्या फ्रेटवर दाबली की झणझणते. त्यांनी अॅम्प मागितला नाही. बेसच्या वरच्या शिंगाला कान लावला, आठव्यावर दाबलं, सातव्यावर दाबलं, नखाने एकदा छेडलं आणि म्हणाले, "ताई, जवारी आठव्यात न्हाई, नवव्या पडद्यात हाय. तो वर आलाय." तंबोऱ्यात तार घोडीच्या रुंद पाठीला हलकेच घासत राहते म्हणून तो झणकार येतो, आणि तो आणण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बेसमध्ये तोच झणकार काढून टाकायचा होता. त्यांनी लाकडाचा तुकडा ठेवून छोट्या हातोडीने नववा फ्रेट खाली बसवला, वरून कानस फिरवली, नटच्या खाचा जरा खोल केल्या आणि बेस परत दिला. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दीड तास सलग वाजवू शकले.

तुमच्या गावात कारागीर असेल, नसेल, तपासणी स्वतःला यायलाच हवी. आधी तारा स्वरात लावा. मग ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हाताने मान जिथे धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी, साधारण ०.३ मिलिमीटर. फट जास्त असेल तर सळई एलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त नाही. उलट मान मागे वाकून फट मुळीच नसेल तर उलट्या दिशेने पाव. मग एक दिवस थांबा, लाकडाला वेळ लागतो. सळईला जोर लावावा लागला तर हात काढून घ्या आणि कुणा जाणकाराकडे जा.

यानंतर तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली अडीच मिलिमीटर आणि सगळ्यात बारीक जी तारेखाली दोन, ही चांगली सुरुवात आहे. घोडीवरच्या बारीक स्क्रूने ती वरखाली होते. नंतर बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून स्वर काढा, मग तिथेच दाबून काढा, आणि दोन्ही ट्यूनरवर बघा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर घोडीवरचा त्या तारेचा ठोकळा मागे घ्या, उतरा येत असेल तर पुढे आणा. ट्यूनर जाड ई तारेला गोंधळतो, तेव्हा तार लावतानाही बाराव्या फ्रेटवरचा हाच स्पर्शस्वर वापरा.

तारांबाबत मी काटकसर करते ती अशी. ४५ ते १०० जाडीचा (हे आकडे इंचाच्या हजारांशात) निकेलचा एक चांगला संच घ्यायचा आणि वर्ष-दीड वर्ष वापरायचा. आवाज मंद झाला की काढून पातेल्यात दहा मिनिटं उकळायच्या, पुसून पूर्ण कोरड्या करायच्या आणि परत चढवायच्या. खाचांतला मळ निघतो आणि तारा काही आठवडे पुन्हा बोलतात. पण याची घाईही नको. डेट्रॉइटमधल्या मोटाउनच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जॅमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसत असं सांगतात. ते बोटही एकच वापरायचे, उजव्या हाताची तर्जनी. जुन्या तारेचा गोलसर आवाज अनेक मराठी-हिंदी गाण्यांत नव्या तारेपेक्षा छान मिसळतो.

अॅम्प लगेच घेऊ नका. मोकळ्या ई तारेची कंपनं सेकंदाला ४१. मोबाइलच्या किंवा स्वस्तातल्या छोट्या अॅम्पच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेर पडतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वयंभू स्वर. मग आपण अकारण जोरात छेडतो आणि हाताला तीच सवय लागते. साध्या हेडफोनमध्ये तो खालचा स्वर नीट येतो. गिटारच्या जॅकमध्येच बसणारा व्हॉक्सचा बेससाठीचा अॅम्प्लग, किंवा थोडे जास्त पैसे असतील तर झूमचा बी वन फोर, पुरेसा आहे. झूमच्या पेटीत ट्यूनर आणि तालाचे नमुने आधीच असतात. घरात कॉम्प्युटर असेल तर बेस कॉम्प्युटरला जोडणारा बेहरिंगरचा साधा ऑडिओ इंटरफेसही चालेल. रात्री अकरा वाजता माझी मुलगी शेजारी झोपलेली असते आणि मी तासभर वाजवू शकते, हा फायदा वेगळाच.

शिकण्यावर पहिल्या तीन महिन्यांत मी जवळजवळ काहीच खर्च केला नाही. स्टडीबेस ही साइट मोफत आहे आणि क्रमाने लिहिलेली आहे, पहिल्या पानापासून जा, उड्या मारू नका. टॉकिंगबेस आणि बेसबझ यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. इंग्रजी अडत असेल तरी हात बघून कळतं, वेग ०.७५ वर ठेवा. पैसे खर्च करायचेच तर चार-पाच तास एखाद्या शिक्षकासमोर बसण्यावर करा, कारण मनगट वाकडं होतंय हे व्हिडिओ तुम्हाला सांगणार नाही. डाव्या हाताने नटजवळच्या फ्रेटवर चार बोटं ताणू नका. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, एवढ्यांत तीन फ्रेट सांभाळा, अनामिका करंगळीच्या आधाराला. कॉन्ट्राबास, म्हणजे मोठा उभा बेस, वाजवणारे पूर्वापार असंच करतात. माझं दुखणारं मनगट या एका बदलाने थांबलं.

ज्यांनी पेटी किंवा गाणं थोडं शिकलंय त्यांच्यासाठी बेस फार जवळचा आहे. कुठलाही स्वर षड्ज धरा. त्याचा पंचम एक तार खाली, जमिनीच्या बाजूला, आणि दोन फ्रेट पुढे. वरचा सा दोन तारा खाली, दोन फ्रेट पुढे. ही जागा सगळ्या मानेवर कुठेही बदलत नाही. मोबाइलवर केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, लावा, सावकाश. पहिल्या मात्रेला सा, पाचव्याला प. पाचवी मात्रा म्हणजे तालातली 'खाली'. तिथे डग्गा गप्प होतो आणि सातव्याला परत येतो, तेवढी रिकामी जागा बेसची असते. आता तोच प सहाव्या मात्रेअखेर डाव्या हाताचं बोट सैल करून बरोबर थांबवा. स्वर सुरू करण्यापेक्षा हे थांबवणं अवघड आहे. मी सलग तीन आठवडे रोज वीस मिनिटं एवढंच केलं, आणि आमच्या ढोलकीवाल्याने सांगितलं की आता त्याला मागे वळून माझ्याकडे बघावं लागत नाही.

मग जुनी गाणी हेडफोनवर ऐका, फक्त बेस पकडायला. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवायचे, त्या काळातली गाणी उत्तम. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा वेग स्वर न बदलता कमी करता येतो. आधी बेसची ओळ तोंडाने म्हणा, मग मानेवर शोधा. टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेलं कागद, लगेच उघडू नका.

पहिल्यांदा मंडपात वाजवायची वेळ आली की डीआय बॉक्स, म्हणजे बेस मिक्सरला जोडणारी छोटी पेटी, लागेल. साउंडवाल्याकडे बहुधा असतो, आधी फोन करून विचारा. बेस थेट मिक्सरला जातो आणि अॅम्प न्यावा लागत नाही. तिथे पोचल्यावर गुणगुण येत असेल आणि तारांना हात लावल्यावर बंद होत असेल तर साउंडवाल्याला अर्थिंग तपासायला सांगा. जनरेटरवर वीज असताना माइकला ओठ लावायच्या आधी माइकच्या जाळीला हाताच्या मागच्या बाजूने निसटता स्पर्श करून बघा. झिणझिण्या आल्या तर तसंच वाजवायला उभं राहू नका, कुणीही कितीही घाई केली तरी. सोबत एक जास्तीची केबल आणि सुती फडकं ठेवा. गणपतीत हवा दमट असते, वाजवून झालं की चारही तारा खालून-वरून पुसून मगच बेस पिशवीत घाला.