चातुर्मासातली कलर लॅब : फोटो प्रिंटिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी

चिपळूणच्या बाजारपेठेतील एका कलर लॅबमध्ये मी १९९७ साली मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा सकाळी सर्वांच्या आधी येऊन मशीन तापत ठेवणे हे माझे पहिले काम होते. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस असावे लागते आणि फिल्म त्यात ३ मिनिटे १५ सेकंद राहते. तापमान थोडे जरी हलले, तरी त्याचा परिणाम नवरीच्या चेहऱ्यावर दिसतो. म्हणून वीज गेली की दुसरे काहीही करण्यापूर्वी तापमान पाहायचे, हे मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले.

आता या व्यवसायात येऊ पाहणारी मुले माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मशीन कोणते घेऊ?’ मी त्यांना उलट विचारतो की, आषाढात तुमच्याकडे दिवसाला किती प्रिंट निघतील? या प्रश्नामागे आमच्या लॅबचा सगळा इतिहास आहे.

रोलच्या काळात गिऱ्हाईक ३६ फोटो काढत असे आणि त्यांपैकी चांगला कोणता, हे छापल्याशिवाय कळत नसल्याने बहुतेक सगळे छापून घेत असे. डिजिटल कॅमेरा आल्यावर तो पडद्यावर पाहून सहा-सात निवडू लागला आणि मोबाइल आल्यावर तेवढेही छापेनासा झाला. आमच्या मालकांनी मोठे कर्ज काढून डिजिटल मिनिलॅब, म्हणजे फोटो छापून धुऊन देणारे मशीन, घेतली. तिच्यात निगेटिव्हच्या जागी फाइल आली आणि दिव्याच्या जागी लेझर आला, पण कागद तोच चांदीच्या क्षारांचा होता आणि रसायनेही तीच होती. इथेच घोटाळा झाला. टाकीतले डेव्हलपर कागदाच्या वापराबरोबर थोडे थोडे ताजे होत राहते. कागद गेलाच नाही, तर ते हवेने खराब होते. कोकणात तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत मशीनला उसंत नसते आणि चातुर्मासात लग्ने नसल्यामुळे दिवसाला पन्नास प्रिंटही निघत नाहीत. मुंबईतली लॅब पावसाळ्यातही चालू राहू शकते, कारण तिथे रोजचे काम मोठे असते. आमच्याकडे मात्र दोन पावसाळे रसायने ओतून देण्यात गेले आणि अखेर ते मशीन विकावे लागले.

यावरून मी जे शिकलो ते स्पष्ट सांगतो : मशीन हंगामाच्या गर्दीकडे पाहून घेऊ नका, रिकाम्या महिन्यांकडे पाहून घ्या. पासपोर्ट साईज आणि ४ बाय ६ इंच एवढेच काम असेल, तर डाय-सब्लिमेशन, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा, प्रिंटर पुरे आहे. तो आठवडाभर बंद राहिला तरी काही वाया जात नाही आणि प्रत्येक प्रिंटचा खर्च आधीच ठरलेला असतो. इंकजेटची ड्राय लॅब, म्हणजे रसायनांऐवजी शाईने छापणारे मशीन, मोठ्या आकारासाठी उत्तम, परंतु तिचे नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रे, न वापरल्यास बुजतात, म्हणून काम नसले तरी रोज एक चाचणी प्रिंट काढावी. शिवाय पावसाळी हवेत कागद ओल धरून वाकतो. कागदाचा उघडा रोल रात्रभर मशीनवर ठेवण्याची चूक मी स्वतः केली आहे. लग्नाच्या करिझ्मा अल्बमसाठी (ज्याच्या जाड पानांवर फोटोंची मांडणी थेट छापलेली असते) मात्र स्वतःचे मशीन घेण्याचा मोह टाळावा आणि मोठ्या लॅबकडून छापून आणावे.

मशीन कोणतेही असो, खरे काम डोळ्याचे आहे. आमच्या भागात जांभ्या दगडाच्या भिंतीसमोर किंवा तांबड्या मातीच्या अंगणात काढलेल्या फोटोत चेहऱ्यावर खालून लाली येते आणि पोफळीच्या बागेत काढलेल्या फोटोत हिरवी झाक येते. लालीसाठी सायन (हिरवट निळा) वाढवावा लागतो आणि हिरव्यासाठी मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पण किती, हे साडीकडे बघून ठरवू नये. आधी त्वचा, मग पांढरा सदरा किंवा टोपी आणि शेवटी इतर रंग, हा क्रम ठेवावा. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल, म्हणजे त्याचे रंग खरे दिसतील असे जुळवलेले नसतील, तर ही सगळी मेहनत व्यर्थ जाते.

फाइल हाती आली की तिचे पिक्सेल पाहण्याची सवय लावून घ्या. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, तर १२ बाय १८ इंचाला ३६०० बाय ५४००. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने आलेला, म्हणजे पिक्सेल कमी झालेला, फोटो छोट्या प्रिंटला चालतो, भिंतीवरच्या फ्रेमला चालत नाही. गिऱ्हाइकाला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणाचा असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ प्रमाणाचा, त्यामुळे कुणाचे डोके कापले जाणार आहे हे छापण्यापूर्वीच दाखवावे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतरचे कित्येक आठवडे आम्ही नवीन फोटो जवळजवळ छापलेच नाहीत. लोक चिखलाने माखलेले अल्बम घेऊन येत होते. ज्यांनी ते उन्हात वाळवले होते, त्यांची पाने एकमेकांना कायमची चिकटली होती, कारण फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला असताना मऊ होतो आणि वाळताना समोरच्या पृष्ठभागाला धरतो. जे ओलेच घेऊन आले, त्यांचे लॅबमध्ये धुतलेले जुने प्रिंट स्वच्छ गार पाण्यात ठेवून सावकाश सोडवता आले आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवता आले. घरगुती इंकजेटवर छापलेल्या फोटोंची शाई बहुतेक ठिकाणी वाहून गेली होती. तेव्हापासून, कागद कोणता आणि तो किती टिकेल, हे गिऱ्हाइकाला न विचारताही सांगणे मी माझे कर्तव्य मानतो.

गणपतीला चाकरमानी गावी आले की माजघरातल्या भिंतीवरचे, बुरशीने खाल्लेले आजी-आजोबांचे फोटो दुरुस्तीसाठी येतात. हे काम आज आमच्या उत्पन्नाचा आधार आहे आणि नवख्याने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. संगणक आता गळालेला अर्धा चेहरा स्वतःहून भरून देतो, पण तो चेहरा त्या माणसाचा असेलच असे नाही. जुनी निगेटिव्ह स्कॅन करताना ती उलटी लागून डावे-उजवे बदलण्याचाही धोका असतो. आमच्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात आणि पदर डाव्या खांद्यावरून घेतात, म्हणून मी आधी या दोन गोष्टी तपासतो. त्यानंतर एक छोटी कच्ची प्रिंट काढून ती घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला दाखवायला सांगतो आणि त्यांचा निरोप येईपर्यंत मोठा फोटो छापत नाही.