हिवाळ्यात घरच्या घरी स्वस्त आणि पौष्टिक सूप

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात थंडी वाढते आणि कॉटन मार्केटमध्ये टोमॅटो, गाजर, मटार, पालक यांची आवक भरपूर असते, तेव्हा पाकिटातले सूप विकत घेण्याचे काहीच कारण उरत नाही.

चार जणांसाठी अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, एक गाजर, एक कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि दोन मोठे चमचे धुतलेली तुरीची डाळ तीन वाट्या पाण्यासह कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या होऊ द्याव्यात. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर घालण्याची पद्धत आहे. परंतु शिजलेली डाळ तेच काम करते आणि प्रथिनेही देते, म्हणून माझ्या मते डाळच योग्य. मिश्रण पूर्ण निवल्यावरच मिक्सरमधून काढावे, कारण गरम मिश्रणाच्या वाफेने झाकण उडून भाजण्याची भीती असते. नंतर ते गाळून, मीठ, मिरपूड आणि चिमूटभर साखर घालून एक उकळी आणावी.

मटाराच्या कोवळ्या शेंगांची टरफले, कोथिंबिरीच्या काड्या आणि कोबीचा दांडा स्वच्छ धुऊन वीस मिनिटे उकळल्यास जे पाणी मिळते, ते गाळून साध्या पाण्याऐवजी वापरावे. चवीतला फरक लगेच जाणवतो. पालकाचे सूप करताना मात्र पाने दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक शिजवू नयेत, अन्यथा हिरवा रंग काळपटतो.

वाढताना तुपात जिरे आणि लसणाची फोडणी द्यावी. सोबत ज्वारीची भाकरी असल्यास रात्रीचे जेवण पुरेसे होते.