नोड पाडून बघण्याआधी

फेलओव्हरच्या, म्हणजे एक सर्व्हर पडला की बाकीचे त्याचं काम उचलतात का याच्या, चाचणीत सर्व्हर बंद करणं हे सगळ्यात सोपं काम. खरी कामं त्याआधीची, आणि सुरुवात आकडेमोडीपासून. दोन नोड (एकच काम वाटून घेणारे सर्व्हर) प्रत्येकी ६० टक्के सीपीयूवर चालत असतील तर एक पडल्यावर दुसऱ्यावर १२० टक्के येणार, म्हणजे तोही गेलाच. तीन असतील तर उरलेल्या दोघांवर ९० येतात. निभतं, पण जेमतेम. हा हिशोब सरासरीवर नको, गर्दीच्या तासाचे आकडे घ्या.

मग हेल्थ चेक, म्हणजे नोड जिवंत आहे का याची आपोआप होणारी तपासणी. नुसता पोर्ट उघडा आहे का एवढंच बघत असाल तर हँग झालेला जेव्हीएमही (जावाचे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) जिवंत दिसतो. उलट त्यात डेटाबेसची क्वेरी घातली की डेटाबेस जरा मंदावल्यावर सगळे नोड एकदम बाद (हा उद्योग मी स्वतः करून बसलोय). एचएप्रॉक्सीत (रिक्वेस्ट नोडांमध्ये वाटून देणारं सॉफ्टवेअर) डीफॉल्टच ठेवले असतील तर दर २ सेकंदांनी तपासणी आणि सलग ३ वेळा नापास झाला की नोड बाहेर. म्हणजे पाच-सहा सेकंद रिक्वेस्ट मेलेल्या नोडकडे जाऊ शकतात. ते चालणार का, हे आधी विचारून ठेवा.

स्टिकी सेशन (एका वापरकर्त्याला दर वेळी त्याच नोडकडे पाठवणं) नोड पडेपर्यंत छान चालतात. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरमध्ये रेप्लिकेशन, म्हणजे सेशनची प्रत दुसऱ्या नोडवरही, हवं तर वेब डॉट एक्सएमएलमध्ये डिस्ट्रिब्युटेबल टॅग लागतो आणि सेशनमधला प्रत्येक ऑब्जेक्ट सिरियलायझेबल (बाइट्समध्ये बदलून पाठवता येईल असा) असावा लागतो. एखादा राहतोच. लॉगिन करा, फॉर्म अर्धा भरा, तो नोड पाडा आणि ‘सेव्ह’ दाबा. पुन्हा लॉगिनचं पान आलं, तर सेशन गेलं.

कनेक्शन पूलला (डेटाबेसशी उघडी ठेवलेली कनेक्शन) सॉकेट टाइमआउट द्या, नाहीतर मेलेलं कनेक्शन कळायला फार उशीर होतो; लिनक्सच्या टीसीपी कीपअलाइव्हची (कनेक्शन जिवंत आहे का हे बघणारी सोय) पहिली तपासणी डीफॉल्टने ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. बहुमतावर चालणाऱ्या क्लस्टरमध्ये तीनाचे चार नोड करून काही साधत नाही, दोन्हीकडे एकच पडलेला चालतो. रात्रीचे जॉब दोन नोडवर दोनदा धावत नाहीत ना, तेही बघा.

पाडताना सर्व्हिस नीट ‘स्टॉप’ करू नका, त्यात निरोप घ्यायला वेळ मिळतो. किल मायनस नाइन (प्रोसेस जागच्या जागी मारणारी कमांड) द्या, आणि दुसऱ्या फेरीत नेटवर्क तोडा. परत आणताना घाई नको: कॅशे रिकामी असते, त्यामुळे वेट (त्या नोडकडे जाणाऱ्या रिक्वेस्टचा वाटा) कमी ठेवून हळूहळू वाढवा, नाहीतर आत्ताच उठलेला नोड पहिल्याच मिनिटात पुन्हा झोपतो.