ऑफिसचा मेल एक्स्चेंजवरून क्लाऊडवर नेताना : नवीन ॲडमिनसाठी

एक्स्चेंज हा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, त्याच्या 2016 आणि 2019 दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे नवीन लागलेल्या बऱ्याच पोरांच्या गळ्यात हे काम पडतंय, म्हणून मी केलेल्या कामातलं जे कामाला येईल ते सांगतो. आमची कंपनी कारखानेवाली, सर्व्हर ऑफिसमध्येच होता आणि जायचं होतं एक्स्चेंज ऑनलाईनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडवर.

मायग्रेशन म्हटलं की मेलबॉक्स कॉपी करणं डोळ्यासमोर येतं. पण हायब्रिड सेटअप (जुना सर्व्हर आणि क्लाऊड जोडून दोन्ही एकत्र चालवणं) नीट झाला की ते काम जवळजवळ आपोआप होतं. डेटा आधीच मागच्या मागे वर जात राहतो, माणूस जुन्याच मेलबॉक्सवर काम करत असतो, आणि रात्री आपण बॅच (एकत्र हलवायच्या मेलबॉक्सचा गट) कम्प्लीट केली की सकाळी त्याला आउटलुक बंद करून परत चालू करा असा मेसेज येतो, बस्स. प्रोफाईल नवीन बनवावं लागत नाही, अख्खा मेलबॉक्स परत डाउनलोड होत नाही. कटओव्हर पद्धतीत, म्हणजे सगळे मेलबॉक्स एकदम हलवताना, मात्र ते सगळं होतं आणि सोमवारी सकाळी सगळ्यांनी एकदम आउटलुक उघडलं की ऑफिसचं इंटरनेट बसतं. एक्स्चेंजमधून 2000 मेलबॉक्सपर्यंत कटओव्हर चालतं हे खरं, पण मायक्रोसॉफ्ट स्वतःच 150 च्या वर नको म्हणतं.

खरा घाम फुटतो तो माणसांच्या नाही, मशीनच्या मेलने. स्कॅनर, ईआरपी (कंपनीचा हिशेब, स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर), पगाराच्या स्लिपा पाठवणारं सॉफ्टवेअर, यूपीएसचे अलर्ट, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हे सगळे वर्षानुवर्षं जुन्या सर्व्हरच्या आयपीवर पोर्ट 25 ने (मेलसाठी ठरलेला पोर्ट) मेल टाकत असतात आणि कुणाच्या लक्षातही नसतं. डिपार्टमेंटला विचारून यादी पूर्ण होत नाही, विचारा जरूर, पण भरवसा लॉगवर ठेवा. रिसीव्ह कनेक्टरवर (सर्व्हर आत येणारा मेल जिथे घेतो ती सेटिंग) प्रोटोकॉल लॉगिंग व्हर्बोज, म्हणजे सविस्तर, करा आणि किमान एक पूर्ण महिना चालू राहू द्या, म्हणजे मंथ एंडही त्यात येईल, कारण पगाराच्या स्लिपा महिन्यातून एकदाच जातात आणि आठवडाभराच्या लॉगमध्ये त्या दिसणारच नाहीत. मग प्रत्येक आयपी कुठल्या टेबलावरचा ते प्रत्यक्ष जाऊन बघा. आमच्याकडे डिस्पॅचच्या वजनकाट्याचा पीसी असाच सापडला, गाडीचं वजन झालं की तो अकाउंट्सला मेल टाकायचा. तो मेल थांबला असता तर बिलं अडकली असती आणि मेल सर्व्हरकडे कुणाचंच बोट गेलं नसतं. जुन्या मशीनना टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) किंवा नवीन लॉगिन जमत नाही, त्यांच्यासाठी आत एक छोटा रिले, म्हणजे त्यांचा मेल घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर, ठेवणंच बरं.

डीएनएसचं आता थोडक्यात. एमएक्स (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते सांगणारा रेकॉर्ड) बदलायच्या आदल्या दिवशीच टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ते, 300 सेकंदांवर आणा. एसपीएफचा (आपल्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं ते सांगणारा) रेकॉर्ड एकच असतो, दुसरा टाकला की दोन्ही फुकट, आणि त्यात 10 पेक्षा जास्त डीएनएस लुकअप (दुसरे रेकॉर्ड शोधायला लावणाऱ्या नोंदी) चालत नाहीत, मार्केटिंगवाल्यांची टूल्स धरून मोजा. डोमेनमधल्या पीसीवरचं आउटलुक आधी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला (ऑफिसच्या युजर-पीसींची यादी ठेवणारी सिस्टीम, थोडक्यात एडी) एससीपी, म्हणजे मेल सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, बघतं, म्हणून सगळे मेलबॉक्स वर गेल्यावर नुसता ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला सर्व्हर आपोआप शोधून देणारी सोय) डीएनएस बदलून भागत नाही, एससीपीही रिकामा करावा लागतो.

सगळं झालं की मॅनेजमेंट लगेच विचारते, सर्व्हर कधी काढताय? युजर अजून आतल्या एडीतूनच सिंक होत असतील तर शेवटचा एक्स्चेंज अनइन्स्टॉल करू नका, ईमेल ॲड्रेससारखी ॲट्रिब्यूट्स (युजरची माहिती) सहसा तिथूनच बदलायची असतात. एक्स्चेंज 2019 च्या सीयू 12 (क्युम्युलेटिव्ह अपडेट 12) पासून मॅनेजमेंट टूल्स वेगळ्या मशीनवर टाकून तो सर्व्हर बंद करून ठेवता येतो. आणि छोटा रिले त्याच सर्व्हरवर चालत असेल तर आधी तो दुसरीकडे हलवा, मग मॅनेजमेंटला तारीख द्या.