बुलबुलला ज्वारी टाकू नका

"काकू, दोन महिन्यांपासून ज्वारी टाकून राहिली, पण कबुतरंच येऊन राहिले!" शेजारच्या सुनेची ही तक्रार ऐकली आणि म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. बुलबुल दाण्यावर येत नाही गं. त्याला फळं, फुलांतला रस आणि किडे लागतात. काळं डोकं, त्यावर छोटासा तुरा, शेपटीखाली लालभडक डाग, तोच आपला लालबुड्या.

सुरुवात पाण्यानं करा, तीही मार्चमध्येच. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तोवर पक्ष्यांना तुमचं अंगण माहीत झालेलं बरं. मातीचं पसरट परळ घ्या. पाणी दोन बोटं, त्याहून खोल नको. मधोमध एक खडबडीत दगड. परळ सावलीत, भिंतीवर उंच ठेवा. मी आधी तुळशीजवळ जमिनीवर ठेवलं होतं, तर शेजारचा बोका तिथंच दबा धरून बसायला लागला. पाणी रोज ओतून परळ नारळाच्या शेंडीनं घासायचं, नाहीतर बुलबुल राहतील बाजूला आणि डासच वाढतील.

फळ म्हणजे पपईची फोड, पिकलं केळं, चिकू. संत्र्याचे आडवे दोन काप करून खिळ्याला अडकवले की आतला गर टोचून टोचून खातात. संध्याकाळी उरलेलं उचला, मुंग्या लागतात. फरसाण, चिवडा, बिस्किटं अजिबात नको.

पण खरी मेजवानी झाडांची. आमच्या सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, गोडनिंबाला (कढीपत्त्याला) काळी फळं धरली की सकाळी सहापासून कलकलाट. तुती लावा, जास्वंद लावा. रायमुनियाची (घाणेरीची) फळंही त्यांना आवडतात, पण ती मुद्दाम लावू नका, आवरता आवरत नाही. आणि जास्वंदावर कीटकनाशक मारू नका. पिल्लांना आईबाप किडेच भरवतात.

विणीच्या दिवसांत नर स्कूटरच्या आरशावर चोची मारतो. त्याला तिथं दुसरा बुलबुल दिसतो. आरशावर जुना मोजा चढवा, प्रश्न मिटला.

घरटं दिसलं की मात्र मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका. तुमच्या मागोमाग कावळ्यालाही जागा कळते. अंडी दोन-तीन, साधारण चौदा दिवसांत फुटतात. पुढे बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर. ती धड उडता येण्याआधीच खाली उतरतात. अशा पिल्लाला घरात आणून दूध-पोळी भरवणारे दरवर्षी भेटतात. नका करू. उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही नुसती समजूत आहे. पिंजऱ्याचा तर विचारही नको, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

गेल्या जूनमध्ये जोडीनं नेमकं कूलरवरच्या मधुमालतीत घरटं केलं. कूलर भरायला पाइप तिथूनच न्यावा लागतो. मग काय, कूलर बंद. पावसाचा पत्ता नाही आणि आमचे हे सव्वीस दिवस पंख्याखाली ओला पंचा अंगावर घेऊन झोपले. यंदा मे महिन्यातच ह्यांनी येऊन विचारलं, "यांना दुसरी खिडकी दाखवता येत नाही का?"