चित्रान्न कडू आणि गिचका होत असेल तर हे करून बघा

लेमन राईस म्हणजे कर्नाटकातलं चित्रान्न, दिसायला सोप्पं पण बऱ्याच जणांचं गंडतं ते दोनच ठिकाणी, भात गरम असतानाच ढवळतात आणि लिंबू गॅस चालू असताना पिळतात. मी पण आधी तेच करायचे, कढईत फोडणी चुरचुरतेय आणि त्यातच लिंबू, मग कडवट चव आली की दोष लिंबाला 😄

तर भात सोना मसुरीचा, 1 वाटीला पावणेदोन वाटी पाणी, शिजला की परातीत पसरायचा, वर चमचाभर तेल आणि पूर्ण गार होऊ द्यायचा. शिळा भात असेल तर उत्तमच, हाताने मोकळा करून घ्या.

फोडणीला शेंगदाणे आधी, मंद आचेवर, ते तडतडायला लागले की मोहरी, हरभरा डाळ, उडीद डाळ. डाळ बदामी रंगावर आली की लगेच मिरची, कढीपत्ता, हिंग, हळद, कारण उडीद डाळ अर्ध्या मिनिटात करपते. गॅस बंद. 2 मिनिटं थांबा, मग 1 मोठ्या लिंबाचा रस नि मीठ त्या फोडणीतच, म्हणजे सगळीकडे सारखं लागतं, आणि मग भात.

सोबत खोबऱ्याची चटणी करणार असाल तर त्यात मूठभर पंढरपुरी डाळं घाला, पाणी सुटत नाही. आणि वाटताना पाणी गारच, मिक्सर तापला की खोबरं तेल सोडतं.